नियमावली काय मोजते? : नव्या भूमिकाखेळाची पारख

मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळाला पट लागतोच असे नाही आणि सोंगट्याही लागतातच असे नाही. चारपाच खेळाडू, प्रत्येकाच्या हाती आपल्या पात्राची माहिती लिहिलेला कागद, काही फासे आणि पात्रांभोवतीचे जग, त्यातली बाकीची माणसे व घडणाऱ्या घटना यांची जबाबदारी घेणारा एक सूत्रधार, एवढ्या सामग्रीवर हा खेळ उभा राहतो. आपले पात्र काय करू पाहते ते खेळाडू बोलून सांगतो, त्यावर काय घडले ते सूत्रधार सांगतो, आणि काय घडावे याविषयी शंका उरते तेथे नियमावली मध्ये पडते. सोंगी भारुडातही माणूस दुसऱ्याचे सोंग घेतो, परंतु तेथे शेवट आधीच ठरलेला असतो. भूमिकाखेळात तो सूत्रधारालाही ठाऊक नसतो, म्हणूनच तो कसा ठरावा याची रीत लेखी असावी लागते. अशी एखादी नवी नियमावली हाती आल्यावर ती चांगली की वाईट हे कसे ओळखावे, हा या प्रकरणाचा विषय आहे.

या खेळाची वंशावळ लष्करी आहे. प्रशियातील राइसविट्झ पितापुत्रांपैकी मुलाने १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावर खेळायच्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात फासे होते, नुकसानीची कोष्टके होती आणि दोन्ही पक्षांचे हुकूम ऐकून निर्णय देणारा पंचही होता. पुढे कोष्टके इतकी वाढली की अधिकारी खेळाला कंटाळू लागले, तेव्हा फेर्डी द्यु व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने १८७६ मध्ये फासे व कोष्टके बाजूला सारून सारा निर्णय अनुभवी पंचावर सोपवावा असे सुचवले. नियम सविस्तर असावेत की पंचाच्या विवेकावर भिस्त ठेवावी, हा वाद तेव्हापासूनचा आहे आणि तो आजही मिटलेला नाही. अमेरिकेत डेव्हिड वेसली याने १९६९ मध्ये ‘ब्राउनस्टाइन’ या खेळात सैन्याच्या तुकड्यांऐवजी एकेका खेळाडूला एकेका व्यक्तीची भूमिका दिली, आणि १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाल्यावर हा प्रकार स्वतंत्र खेळ म्हणून जगभर पसरला. लष्करी मुळाची खूण मात्र राहिली. या घराण्यातल्या बहुतेक नियमावल्यांत लढाईचे प्रकरण सर्वांत जाड असते आणि मैत्री, कर्ज, भूक किंवा लाज यांच्या वाट्याला जेमतेम अर्धे पान येते.

नियमांतून जग उभे करण्याची कल्पना मराठी मुलखाला नवी नाही. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या मोक्षपटात (तो त्यांनीच रचला याला समकालीन पुरावा नाही) घराघराला सद्गुणांची व दुर्गुणांची नावे दिलेली असतात आणि सोंगटी शिडीने चढते किंवा सापाच्या तोंडी सापडून उतरते. खेळाडूला मात्र निर्णय असा एकही घ्यावा लागत नाही, पडलेल्या दानाप्रमाणे तो केवळ पुढे सरकतो. सारीपाटातही दान नशिबाचेच असते, परंतु चारांपैकी कोणती सोंगटी हलवावी हे खेळाडू ठरवतो, आणि तेवढ्या एका फरकामुळे त्यात डावपेच येतात. मराठवाड्यातील औरंगाबादेत हरिकृष्ण शर्मा यांनी १८७१ मध्ये सिद्ध केलेल्या ‘बृहज्ज्योतिषार्णव’ या संस्कृत ग्रंथात ‘क्रीडाकौशल्य’ नावाचा भाग आहे आणि त्यात पटावरील अनेक खेळांचे वर्णन आहे. म्हणजे खेळाचे नियम ही लिहून ठेवण्याजोगी आणि तपासण्याजोगी विद्या आहे, ही समज मराठवाड्यात दीडशे वर्षांपूर्वीही होती. मोक्षपटाचा निकष मात्र आधुनिक नियमावलीलाही लावावा लागतो: निर्णय कोणाचा, खेळाडूचा की फाशाचा? कित्येक देखण्या, महागड्या नियमावल्या या कसोटीवर मोक्षपटाच्याच पंक्तीला जाऊन बसतात, आणि मोक्षपटाने निदान आपण तत्त्वज्ञान शिकवत आहोत हे लपवले नव्हते.

विवेचन हवेत राहू नये म्हणून येथे उदाहरणापुरती एक काल्पनिक नियमावली घेतली आहे. तिचा विषय बीड जिल्ह्यातील ऊसतोड टोळी हा आहे. बालाघाटच्या डोंगररांगेने विभागलेल्या या जिल्ह्यातील पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज अशा तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. निघण्यापूर्वी टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम म्हणजे उचल. ती हंगामभर ऊस तोडून फेडायची असते. तोडणीचा हिशेब टनावर होतो आणि काम बुडाले की खाडा धरला जातो, म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंडही अंगावर पडतो. या व्यवहारात उद्दिष्ट, अडथळे, मर्यादित साधने, भागीदार आणि फसवणुकीची शक्यता हे सारे आहे. खेळाच्या रचनाकाराला दुसरे काय हवे असते?

परीक्षणाची सुरुवात पात्रपत्रकापासून करावी, कारण नियमावलीचा लेखक प्रस्तावनेत काहीही म्हणो, त्याला खरोखर काय महत्त्वाचे वाटते ते खेळाडूच्या हातातल्या कागदावर उमटलेले असते. पत्रकावर बळ, चपळाई, शस्त्रे आणि जखमा यांचेच रकाने असतील, तर खेळ कोणत्याही गावात मांडला तरी दोन बैठकींत तो मारामारीचा होतो, कारण ज्याची नोंद होते तेच वापरण्याकडे खेळाडूंचा कल असतो. १९८१ च्या ‘कॉल ऑफ कथुलू’ने पत्रकावर मनःस्वास्थ्याचा एक आकडा ठेवला आणि भयानक गोष्टी पाहिल्यावर तो घटत जाईल असा नियम केला, त्या एका रकान्याने शूर नायकांच्या खेळाचे घाबरणाऱ्या माणसांच्या खेळात रूपांतर केले.

आपल्या उदाहरणातील नियमावलीच्या पहिल्या मसुद्यात प्रत्येक खेळाडूला एक ‘कोयता’ मिळतो. ऊसतोडीच्या व्यवहारात कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा मजूर अर्धा कोयता धरला जातो. शब्द खरा आहे, हिशेबही मुकादमाच्या वहीत असतो तसाच आहे, आणि नेमकी तेथेच रचना फसते. एका पत्रकावर दोन माणसे आली की त्यांचा थकवा एक, कौशल्य एक आणि इच्छाही एकच होते. प्रत्यक्षात ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, डोक्यावर वाहून गाडी भरणे यांत बाईचा वाटा असतोच, शिवाय पहाटेचा स्वयंपाक, पाणी आणि कोपीवरची, म्हणजे तात्पुरत्या झोपडीतली, लेकरे ही तिचीच. उचलीची बोलणी मात्र बहुधा पुरुषाशी होतात. बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींच्या अशा शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. दुखणे अंगावर काढण्यामागे खाड्याची भीती असते, हे त्या चर्चेत वारंवार पुढे आले. ज्या पत्रकावर ‘कोयता’ हीच एक ओळ आहे, त्या खेळात ही गोष्ट घडूच शकत नाही, कारण ती जिच्या शरीरात घडते ती व्यक्ती पत्रकावर नाही. तेव्हा जोडीतील दोघांची पत्रके वेगळी करून उचलीचा आकडा तेवढा सामाईक ठेवावा, हा बदल येथे प्रथम सुचवावा लागतो. त्याने खेळाडूंची संख्या वाढते, बैठक लांबते. ती किंमत द्यावी.

पत्रकानंतर फासे. वीस पैलूंच्या एका फाशावर प्रत्येक आकडा पडण्याची शक्यता ५ टक्के असते आणि पात्राच्या कौशल्याबद्दल मिळणारी १ ची भर नेहमी ५ टक्क्यांचीच असते. सहा पैलूंचे तीन फासे एकत्र टाकले तर चित्र पालटते: एकूण २१६ प्रकारे फासे पडू शकतात, त्यांतील २७ प्रकारांत बेरीज १० येते, तितक्याच प्रकारांत ११ येते, पण १८ मात्र एकाच प्रकारे येते. त्यामुळे ११ किंवा अधिक हवे असताना मिळालेली १ ची भर यशाची शक्यता ५० वरून साडेबासष्ट टक्क्यांवर नेते, तर १७ किंवा अधिक हवे असताना तीच भर सुमारे पावणेदोन टक्क्यांच्या जागी सुमारे साडेचार टक्के देते. साधारण कामात कसब उपयोगी पडावे आणि अचाट कामात ते अपुरे पडावे असे लेखकाला वाटत असेल तर अनेक फाशांची बेरीज योग्य. नशिबाची उलथापालथ हवी असेल तर एकच फासा बरा.

हे मोजण्याचे गणित आपल्याकडे फार जुने आहे. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त अंकपाश नावाचा भाग आहे, आणि त्यात पाच स्थानांच्या ज्या संख्यांच्या अंकांची बेरीज १३ होते अशा संख्या किती, असा प्रश्न आहे. शून्य सोडून अंक घ्यायचे असल्याने उत्तर ४९५ येते. तीन फाशांची बेरीज ८ किती प्रकारे येईल हा प्रश्न त्याच जातीचा आहे आणि त्याच रीतीने त्याचे उत्तर २१ मिळते. नियमावलीच्या परीक्षकाला याहून अवघड गणिताची क्वचितच गरज पडते. तरीही एवढे गणित न करता प्रसिद्ध झालेल्या नियमावल्या थोड्या नाहीत.

एका सापळ्याकडे विशेष लक्ष द्यावे. टोळीने रात्री कोप्या सोडून गावाकडे पळून जायचे ठरवले आणि सूत्रधाराने आवाज न करता निघणे, राखणदाराला चुकवणे, रस्ता शोधणे, वाहन मिळवणे व लेकरू न रडू देणे यांसाठी पाच वेळा फासे टाकायला लावले, असे समजू. प्रत्येक वेळी यशाची शक्यता ७५ टक्के, म्हणजे चांगलीच वाटते. पण पाचही वेळा यश मिळण्याची शक्यता २४ टक्क्यांहून कमी असते. एकदा चुकले की सारे संपले असा नियम असेल तर उदार दिसणारा लक्ष्यांक प्रत्यक्षात कठोर ठरतो. किती फेकी झाल्यावर प्रश्न निकालात निघाला असे मानायचे हे नियमावलीने सांगितलेच पाहिजे, आणि ती सांगत नसेल तर तो गंभीर दोष समजावा.

आपल्या काल्पनिक खेळातील फेक मात्र २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने रूढ केलेल्या पद्धतीची आहे: सहा पैलूंचे दोन फासे, त्यांत कौशल्याची भर, १० किंवा अधिक आल्यास पूर्ण यश, ७ ते ९ आल्यास यश पण काही किंमत मोजून, ६ किंवा कमी आल्यास अपयश. भर नसताना पूर्ण यश ३६ पैकी ६ वेळा येते, मधले आणि खालचे फळ प्रत्येकी १५ वेळा. ‘यश, पण किंमत मोजून’ ही मधली पायरी ऊसतोडीच्या जगाला चपखल बसते, कारण तेथे बहुतेक गोष्टी अशाच साध्य होतात: गाडी वेळेत भरली जाते, पण जेवण राहते, वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, विकून चार पैसे मिळतात, पण ते मुकादमाच्या डोळ्यांवर येते.

आता या खेळाचे हृदय, म्हणजे उचल. मसुद्यातील नियम असा: हंगामाच्या आरंभी प्रत्येक जोडीवर १०० एकक उचल, हंगाम २० आठवड्यांचा, आठवड्याला एक फेक, पूर्ण यशास ६, मधल्या फळास ४ आणि अपयशास २ एकक फिटतात. वाचायला नियम निरुपद्रवी आहे. परंतु आकडेमोड केली की तो बोलू लागतो. भर १ असलेल्या मध्यम कसबाच्या जोडीची आठवड्याची सरासरी फेड बरोबर ४ येते, म्हणजे हंगामात ८० फिटतात आणि २० पुढच्या वर्षावर जातात. अशा जोडीची सारी उचल फिटणे हजारांत दोनतीन वेळाच घडेल. भर २ असेल तर सरासरी साडेचार, म्हणजे ९०. खेळात मिळू शकणारी सर्वांत मोठी भर ३, आणि तिने सरासरी ५ येते, म्हणजे २० आठवड्यांत कशीबशी १००. यात एकही खाडा धरलेला नाही. एका खाड्याला ३ एकक दंड धरला आणि त्या आठवड्याची फेक बुडाली असे मानले, तर दोन खाड्यांत सर्वोत्तम जोडीही सरासरीने १६ एकक मागे पडते.

येथे परीक्षकाने घाईने ‘नियम असंतुलित आहे’ असा शेरा मारू नये. सर्वांना जिंकण्याची सारखी संधी असावी ही अपेक्षा शर्यतीच्या खेळाची आहे. भूमिकाखेळात ती लागू पडेलच असे नाही. १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये पात्र तयार करता करताच ते मरू शकते, आणि ही तऱ्हेवाईक तरतूद हुशार आहे, कारण अधिक नोकरी करून अधिक कौशल्ये मिळवावीत की जिवंतपणी बाहेर पडावे हा डाव खेळ सुरू होण्यापूर्वीच सुरू होतो. नियम कठोर आहे का यापेक्षा लेखकाने दिलेल्या वचनाशी तो जुळतो का, हे पाहावे. प्रस्तावनेत ‘कष्ट आणि हुशारी यांच्या जोरावर उचलीतून मुक्त व्हा’ असे आवाहन असेल, तर वरील आकडेमोड त्याला खोटे ठरवते. ‘एका हंगामात कोणीही मोकळे होत नाही, मग टोळी काय करते ते पाहा’ असे म्हटले असेल, तर नियम अचूक आहे. पण मग उचलीखेरीज दुसरे काहीतरी खेळाडूंच्या हाती असायला हवे. एकत्र येऊन दरवाढ मागणे, वजनकाट्यावर आक्षेप घेणे, लेकरांना आजीआजोबांकडे ठेवून शाळा चालू ठेवणे, आजारी बाईचे काम वाटून घेणे यांसाठी नियमावलीत जागा आहे का? मसुद्यात ती नाही. असल्या गोष्टी ‘सूत्रधाराने योग्य वाटेल तसे ठरवावे’ या एका वाक्यात उरकल्या आहेत. हे वाक्य परीक्षकाने तांबड्या शाईने अधोरेखित करावे. तोडणीला आकडे आणि संघटनेला सूत्रधाराची मर्जी अशी विभागणी केली की खेळाडू हळूहळू तोडणीच करत राहतात.

मेजावरील खेळ सार्वजनिक प्रश्नासाठी कसा वापरता येतो याचे जवळचे उदाहरण आंध्र प्रदेशात आहे. तेथील काही गावांत फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी ही संस्था आणि अन्नधोरणाचे आंतरराष्ट्रीय संशोधक यांनी भूजलाचा एक साधा खेळ शेतकऱ्यांसोबत खेळला. प्रत्येकाने कमी पाण्याचे किंवा जास्त पाण्याचे पीक निवडायचे, सर्वांची निवड मिळून सामाईक पाणीसाठा घटतो आणि मग पुढच्या फेरीला सामोरे जायचे. नियम एका पानात मावतील इतके थोडे होते, पण जे मोजायचे तेच मोजले जात असल्याने खेळानंतरची गावातली चर्चा नेमक्या प्रश्नावर आली. बीडमधल्या मांजरा व सिंदफणा या नद्यांच्या खोऱ्यांत, जेथे बोअर किती खोल न्यावा हा दरवर्षीचा प्रश्न आहे, अशा खेळाला भूमिकांची जोड दिली तर काय होईल हे करून पाहण्याजोगे आहे.

कागदावरची तपासणी झाली की चाचणी खेळ. पहिला नियम असा की लेखक त्या खोलीत नसावा. लेखक असला की पुस्तकात न लिहिलेले नियम त्याच्या तोंडून बाहेर पडतात आणि पुस्तकाची परीक्षा न होता लेखकाची होते. अंबाजोगाई किंवा बीडमधल्या एखाद्या महाविद्यालयातील पाचसहा विद्यार्थ्यांच्या हाती नियमावली द्यावी, त्यांतील एकाने ती वाचून सूत्रधार व्हावे आणि परीक्षकाने कोपऱ्यात बसून केवळ नोंदी कराव्यात. खेळाडू हसले किती यापेक्षा पाने किती वेळा आणि कशासाठी उलटली गेली, ही नोंद मोलाची असते. एकच नियम तीनदा शोधावा लागला तर तो चुकीच्या जागी छापला आहे. एखादा नियम सूत्रधाराने न सांगता गाळला तर तो बहुधा जाचक आहे. आणि खेळाडूंनी नियमाविरुद्ध काही केले व कोणालाच ते खटकले नाही, तर त्यांनी केले तोच नियम असायला हवा होता. एखाद्या मुलीच्या घरी खरोखरच कोयता असू शकतो हेही बीडमध्ये गृहीत धरले पाहिजे. तिच्यासाठी खाड्याचा दंड ही खेळातील गंमत नाही. कोणता प्रसंग खेळायचा नाही हे आरंभी सर्वांनी मिळून ठरवावे आणि खेळ मध्येच थांबवण्याचा हक्क कोणालाही कारण न देता असावा. ही तरतूद आता पुष्कळ नियमावल्यांत असते, येथे ती पहिल्याच पानावर छापावी.

दुसऱ्या चाचणीत एक पळवाटा शोधणारा खेळाडू मुद्दाम बसवावा. आपल्या मसुद्यात त्याला फार शोधावे लागणार नाही: अपयशातही २ एकक फिटतात आणि खाड्याला ३ चा दंड आहे, तेव्हा आजारी पात्रालाही फडात पाठवणे हेच प्रत्येक वेळी फायद्याचे ठरते, कारण थकव्याचा परिणाम हंगाम संपल्यानंतरच लागू होतो असे नियम म्हणतो. खेळाडू निर्दय नसतानाही नियम त्यांना निर्दय वागायला लावतो. हे लेखकाला हवे असेल तर थकव्याचा हिशेब हंगामातच, आठवड्याच्या फेकीतून १ वजा करून, खेळाडूंच्या डोळ्यांसमोर यायला हवा. पुढच्या वर्षावर ढकललेले दुखणे खेळाच्या मेजावर कोणालाच दुखत नाही.

शेवटची अडचण मुकादमाची आहे. मसुद्यात मुकादम सूत्रधाराकडे आहे आणि त्याला पत्रक नाही, आकडे नाहीत, त्यामुळे तो प्रत्येक चाचणीत खलनायकच होतो. वास्तवात मुकादमानेही कारखान्याच्या तोडणी-वाहतूक व्यवस्थेकडून आगाऊ रक्कम घेतलेली असते, टोळी पळाली तर ती त्याच्या अंगावर येते, आणि बहुधा तो त्याच तालुक्यातला, कधी त्याच तांड्यावरचा किंवा वस्तीवरचा असतो. त्याला खेळाडूच्या हाती द्यावे, त्याच्या पत्रकावरही उचलीचा रकाना ठेवावा आणि तो १०० ऐवजी टोळीतील सर्व जोड्यांच्या उचलीच्या बेरजेइतका असावा, अशी दुरुस्ती सुचवता येते. तिचा तोटाही उघड आहे: पाच जणांच्या मेजावर एक खेळाडू उरलेल्या चौघांचा सावकार झाला की बैठकीनंतरही रुसवेफुगवे राहतात. दोन पर्यायी नियम छापावेत, मुकादम सूत्रधाराकडे असतानाचा वेगळा आणि खेळाडूकडे असतानाचा वेगळा, आणि दोन्ही तिसऱ्या चाचणीत किमान एकेक पूर्ण हंगाम खेळून पाहावेत. तोवर या नियमावलीवर मत देणे पुढे ढकलावे लागेल.